नात्यातला नसावा

समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर रोनिल लोसालिनीला पुन्हा तेच समजावत होता. आत गेल्यावर नाव सांगायचं, विद्यार्थी क्रमांक सांगायचा, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. गावाचं नाव काढायचं नाही. आईच्या माहेरचं तर नाहीच नाही.

"कळलं," लोसालिनी म्हणाली. तिनं डोकं मागे भिंतीला टेकलं होतं.

अपिलाची ही तिसरी सुनावणी. डेंग्यूनं ती इस्पितळात पडली, त्यात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं बुडाली आणि डॉक्टरांचा दाखला मुदत उलटल्यावर पोचला. शुक्रवारी नोंदणी बंद होणार होती. तोवर निकाल लागला नाही तर शेवटच्या वर्षातून तिचं नाव कमी होणार आणि शिष्यवृत्तीही जाणार.

दाखल्याबद्दल अजून कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं. गाडं अडत होतं ते समितीपाशीच. एक सदस्य विद्यार्थ्याच्या समाजातला असावा, असा नियम होता. तो त्याच्या नात्यातला नसावा, असा दुसरा. दोन्ही नियम विद्यार्थ्यांचे हक्क म्हणून युनियननं भांडून मिळवलेले, आणि रोनिल युनियनचाच माणूस. पहिल्या खेपेला लोसालिनीनं रीतीप्रमाणे आधी आपलं गाव सांगितलं, तसे समितीवरचे तिच्या समाजाचे प्राध्यापक खुलले. दोघांच्या गावांचा मूळपुरुष एकच. अशा गावच्या माणसांनी एकमेकांची टवाळी केली नाही, तर तो अपमान. तुमच्याकडे अजून आमचेच मासे चोरून खातात का, असं त्यांनी विचारलं. चोरावे कशाला लागतात, तुमची माणसं झोपलेलीच असतात, असं ती म्हणाली. सगळी खोली हसली आणि नातं निघालं म्हणून समितीच्या चिटणीसबाईंनी फाईल मिटली. दुसऱ्या खेपेच्या बाई तिच्या आईच्या मामेबहीण निघाल्या.

"तुमच्यात अनोळखी म्हणून कुणी असतं का गं?" रोनिलनं विचारलं.

"आहेस की तू."

"ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आले आमचे, पाच पिढ्या झाल्या आम्हाला इथं," तो म्हणाला. "तरी मीच."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

या वेळी विद्यापीठानं वानुआ लेवू बेटावरून, म्हणजे समुद्रापलीकडून, माणूस आणला होता. आपिसाई मास्तर. उभी हयात दूरदूरच्या बेटांवर शाळा चालवून निवृत्त झालेले. बोटीच्या प्रवासानं त्यांचे डोळे लाल झाले होते. अध्यक्षा डॉ. हार्डिंग न्यूझीलंडच्या. त्यांनी दाखला वाचला, तारखा जुळवल्या, इस्पितळानंच उशीर केलेला दिसतो, असं म्हटलं आणि मास्तरांना काही विचारायचं आहे का, म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

मास्तरांनी चष्मा काढला. "कुठल्या गावची तू, पोरी?"

चिटणीसबाईंचं पेन थांबलं. रोनिल खाली बघू लागला. मास्तरांच्या मनात काही नव्हतं. लहान माणसाशी बोलायला त्यांच्या पिढीला दुसरी सुरुवातच ठाऊक नव्हती.

"सुवाची, मास्तर," लोसालिनी म्हणाली.

"राजधानीत राहतेस ते झालं. गाव कुठलं?"

"सुवाच."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "वडिलांनी गाव सांगितलं नाही कधी?"

तिच्या वडिलांनी ती चालायला लागायच्या आधी तिला कडेवर घेऊन शेताच्या बांधावरून सात पिढ्यांची नावं ऐकवली होती.

"नाही, मास्तर," ती म्हणाली.

"बरं. तुझा काय दोष त्यात." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. आपल्याला दुसरं काही विचारायचं नाही, मुलीला प्रात्यक्षिकांना पुन्हा बसू द्यावं, असं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. चिटणीसबाई तो टाइप करायला बसल्या. सह्या तेवढ्या व्हायच्या होत्या. रोनिल प्रत घ्यायला आतच थांबला. ती बाहेर निघताना त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली होती, पण तिला ती धड जाणवलीही नाही.

ती व्हरांड्यात कठड्याला टेकून उभी होती. मागून मास्तर आले आणि शेजारी उभे राहिले.

"नाताळात आमच्याकडे ये," ते म्हणाले. "गावाला एक पोर जड नसतं. कुणी विचारलं तर आपिसाईंची म्हणून सांग."

मग त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं.

लोसालिनीच्या घराच्या पायरीवर बसलं की खाडीपलीकडून त्याच गावच्या चर्चचा ढोल ऐकू यायचा. तिची आजी त्या गावची.

आत टाइप करण्याचा आवाज चालू होता.

"कसं यायचं तिथं?" तिनं विचारलं.

मास्तर खुलले. सावुसावूला बोटीतून उतरायचं, तिथून बस. डांबर संपेल तिथं खाली उतरायचं आणि होडीवाल्याला हाक मारायची. ते कठड्यावर बोटानं किनारा काढत होते. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे, ओहोटीला तो डाव्या हाताला ठेवायचा, म्हणजे होडी घासत नाही.

उजव्या हाताला ठेवायचा असतो. खडकाच्या उजवीकडे उथळ आहे.

"डाव्या हाताला," लोसालिनी म्हणाली आणि तिनं मान डोलावली.