फेंगडी गाडी

हब आणि चाकाच्या मधे स्पेसरच्या जाड चकत्या टाकल्या की चाकं जरा बाहेर येतात आणि गाडी कशी ऐटीत उभी राहते, हे धनेश सकाळी ओट्यावर बसलेल्या बापाला समजावत होता. गजाभाऊंना हसू आवरेना.

"चांगल्या गाडीला फेंगडी करतोस व्हय रं? चाक किती बाहेर येनार?"

"दोनच बोटं, बाबा."

"म्हंजी फेंगडीच!"

संध्याकाळी कर्जतहून स्पेसर बसवून धनेश कळंबला आला आणि दारापुढच्या गटारापाशी त्याने करकचून ब्रेक दाबला. गटारावर दोनच फरश्या होत्या, त्याही जुन्या चाकांच्या मापाने टाकलेल्या. आता एखादं चाक नक्की गटारात जाणार! तो खाली उतरून वाकला. दोन्ही चाकं फरश्यांच्या बरोबर समोर होती. फरश्यांच्या कडेची माती ताजी उकरलेली होती आणि ओट्याला पहार टेकवून ठेवली होती.

गजाभाऊ हात धूत म्हणाले, "दोन बोटं म्हनालास ना? माज्या बोटांनी मोजून सरकवल्यात. माजी बोटं तुज्यापरीस जाड हायत, जरा बेतानं आन."