आईचं मऊ बोलणं

“आणखी एकदा म्हणा, आत्याबाई. आय ॲम व्हेरी वरीड अबाउट हिम.”

झुंबरबाईनं फोनची वायर बोटाला गुंडाळली आणि पुन्हा म्हटलं. अख्ख्या शिनोलीत बोलण्यात कुणाला न हटणारी बाई, आज धाकट्या सुनेपुढं पहिलीतल्या पोरीसारखी अडखळत होती. हर्षाली घोडेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची.

“एवढ्याशा बोलण्यात मावती व्हय गं काळजी?”

“मावती. आन् आवाज मऊ ठेवा. भांडल्यागत नका बोलू.”

थोरला अमृत कोचीला, जहाजांच्या कारखान्यात. त्यानं तिकडच्याच लिसीशी लग्न केलं, तेव्हापासून झुंबरबाई त्या सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. काल लिसीचाच फोन आला. हर्षालीनं तो ऐकला आणि भिंतीला टेकून सांगितला. अमृतचं लिव्हर गेलंय. डॉक्टरांनी हात टेकलेत. त्याला मात्र कुणी काही बोललेलं नाही. त्याला वाटतंय कावीळ आहे, उतरेल.

हर्षालीचा नवरा रेल्वेची तिकिटं काढायला पुण्याला गेला होता. तो येईपर्यंत हातात काय, तर हा फोन. हर्षाली म्हणाली, मी बोलते. झुंबरबाईनं तिला गप्प केलं.

“माझ्या सुनंशी मी बोलन. परमुलखात एकटी पडली पोरगी. तिला कळू दे, हितं कुणी हाय म्हणून.”

तसं या घरात काळजी कुणी तोंडानं बोललं नव्हतं. वाईट ओठावर आणायचंच नाही, अशी रीत. डिंभ्याची शेवटची गाडी चुकून अमृत अंधारात चालत आला, की झुंबरबाई दारातच सुरू व्हायची. “आलं का मुडदं? बिबट्यानं बी तोंड लावलं नाय व्हय तुला?” आणि बोलता बोलताच ताटात गरम भाकरी पडायची.

फोन लागला.

“अम्मा?” पलीकडून बारीक आवाज आला.

झुंबरबाईनं डोळे मिटले आणि शिकवलेलं सगळं म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. आवाज लोण्यासारखा मऊ लागला.

पलीकडून अमृतचाच आवाज आला. आईचं बोलणं कानावर पडलं तर त्याला बरं वाटेल, म्हणून लिसीनं मोबाईलचा स्पीकर लावला होता.

“आई, तू अशी मऊ का बोलतीस? शिव्या का नाय देत? लई वाईट हाय का गं माझं?”

हर्षालीनं पदर तोंडाशी धरला.

जन्मात पहिल्यांदा झुंबरबाईला शिवी शोधावी लागली.

“मुडद्या,” ती म्हणाली, “लोळत पडायचं आन् वर मलाच इचारतोस? पहिल्यापासनं कामचुकार तू. ती पोरगी राबती तुझ्यापायी, लाज वाटती का? ऊठ गुमान. मी आले ना, तर लाटण्यानं उठवीन.”

आवाज जरासुद्धा हलला नाही. वायरनं आवळलेलं बोट तेवढं काळंनिळं पडलं होतं.

पलीकडं अमृत हसला. हसता हसता खोकला.

“हां,” तो म्हणाला, “मंजी काय बी झालं नाय मला.”