नवीन आलं की जुनं
ऐका ना, काल काय झालं! आमच्या परळच्या खोलीत खेळणीच खेळणी, म्हणून मीच भाचीला नियम घातलेला: नवीन खेळणं आलं की जुनं एक शेजारच्या काकूंना द्यायचं. रेवा पाच वर्षांची, पण नियमाची पक्की. काल वहिनी बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून आली, आम्ही सगळे बाळाभोवती, आणि रेवा गायब! बघते तर काकूंच्या उंबऱ्यावर बसलेली, पाठीला दप्तर, मांडीवर उशी. “इथे काय करतेस गं?” “नवीन बाळ आलं ना? मग जुनी मी.” मी तिच्या पाठीवरचं दप्तर काढायला लागले. “वेडाबाई, माणसं नाही द्यायची!” रडत म्हणाली, “नियम म्हणजे नियम, तूच सांगितलेलंस.” मग माझ्याकडे बघून एकदम खुलली. “आत्या, तू तर माझ्यापेक्षा जुनी! तूच जा!” आतून काकू ओरडल्या, “नको गं बाई, आमचा माळा आधीच फुल्ल झालाय!”