चंदाचा मुक्काम

"सोडा तिचा हात!" भक्ती ओरडली.

भिवराबाईनं सोडला नाही. एका हातात सुनेचं मनगट, दुसऱ्या हातात गाठोडं, अशी ती म्हातारी इथल्या महिला मदत केंद्राच्या फाटकात उभी होती आणि चंदाला बाहेर ओढत होती. चंदाच्या डोक्याला सात टाके होते. परभणीहून पालमकडं जाणारी शेवटची एसटी सुटायला अर्धा तास उरला होता.

भक्तीचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. परवा चंदाच्या गावात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली. मोटार गेली म्हणजे पारध्यांनीच नेली, एवढा तपास गावाला पुरला. आठ-दहा जण माळावर गेले, चंदाच्या पारधी कुटुंबाचं राहतं पाल पेटवलं, आणि घरात एकटी सापडलेल्या चंदाला काठ्यांनी मारलं. तिचा नवरा सोनू तक्रार द्यायला ठाण्यात गेला, तर चौकशी करायचीय म्हणून त्यालाच बसवून ठेवलं. घर जळालेला माणूस कोठडीत आणि जाळणारे हॉटेलात चहा पीत बसलेले! त्यांची तोंडं फक्त चंदानं पाहिली होती. भक्तीनं दिवसभर फोन करकरून उद्या अकराला कोर्टात तिचा जबाब लावून घेतला होता. आज ती माळावर परत गेली, तर ते लोक तिला उद्या कोर्टापर्यंत पोचू देणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि आता ही सासू! केंद्रातल्या दीड वर्षाच्या नोकरीत भक्तीनं अशा सासवा खूप पाहिल्या होत्या. गावच्या पुढाऱ्यानं डोळे वटारले की यांना एकदम घराची अब्रू आठवते. दोघी आपसात पारध्यांच्या बोलीत भांडत होत्या, त्यातलं तिला अक्षर कळत नव्हतं. कळायची गरजही वाटत नव्हती.

"मिटवून टाका म्हणून कुणी पाठवलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"मिटवायला?" भिवराबाई गरकन वळली. "पाल माझं जळालंय, बाई. लेक माझा डांबलाय. मी मिटवीन व्हय?"

"मग राहू द्या ना तिला इथं!"

"ऱ्हाऊ द्या की! मी कुठं न्हाई म्हनायले? पन मलाबी ऱ्हाऊ द्या. सकाळपून तेच सांगायलेय. तुमी नातेवाईक बाहेर म्हनलं न् दार लावून घेतलं."

सकाळी भक्तीनं तसं केलं होतं खरं.

"आमच्यात बाई घरच्या मानसाबिगर एक रात बाहेर निजली, तर जातीचे पंच तिला वाळीत टाकतेत," भिवराबाई म्हणाली. "तिच्या हातचं पानी कुनी घेत न्हाई. सासू संगं असली, तर ती घरीच हाय. नवरा तुमच्या सरकारनं बसवून ठिवलाय. मग राहिलं कोन? मी."

चंदा दिवसभरात पहिल्यांदाच भक्तीशी स्वतःहून बोलली. "ताई, उद्या जबाब दीन मी. सगळ्यायची नावं सांगीन. पन मंग जाऊ कुठं?"

त्या पंचांना एकेकाला धरून हाणावं, असं भक्तीला वाटलं. पण पंच काही एका रात्रीत सुधारणार नव्हते, आणि जबाब उद्याच होता. आत सहा पलंग होते. त्यातले पाच रिकामे होते. ते रिकामे पलंग तिला स्वच्छ दिसत होते, तरी तिच्या तोंडून निघालं ते रोजचंच.

"आजी, नियम आहे हो. मुक्काम फक्त मार लागलेल्या बाईला. नातेवाइकांना नाही. वरून तपासणी होते. माझ्यावर येईल."

"मार लागलेल्या बाईलाच?"

"हो."

भिवराबाईनं सुनेचा हात सोडला. गाठोडं खाली ठेवलं. फाटकाशेजारच्या फुलझाडांना विटांचं आळं केलेलं होतं. त्यातली एक वीट तिनं उपसली आणि भक्ती पुढं व्हायच्या आत स्वतःच्या कपाळावर हाणली.

चंदा किंचाळली. रक्त भुवईवरून गालावर उतरलं. म्हातारी लटपटली, पण पडली नाही.

"लागला मार," ती म्हणाली. "आता घ्या आत."

भक्तीनं तिला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं. चंदानं जखमेवर कापूस दाबून धरला. डॉक्टरला फोन झाला. मग भक्तीनं कपाटातून प्रवेशाचा कोरा अर्ज काढला आणि भरायला घेतला. नाव, भिवराबाई. वय, अंदाजे पासष्ट. जखम, कपाळावर, विटेची. मुक्कामाचं कारण, मारहाण. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली होती.

पुढचा रकाना होता, मारहाण करणाऱ्याचं नाव.

तिथं तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली हुद्दा.