पहिली खाट

चार वाजता वॉर्डबॉय ओमप्रकाशने धर्मपालची गादी गुंडाळून काखेत घेतली. "चला भाऊ. डॉक्टरसायबाचा हुकूम हाय. पयल्या खाटेवर."

नवव्या खाटेपासून पहिल्या खाटेपर्यंत वीस-पंचवीस पावले असतील. धर्मपालने ती वाटेत दोनदा बसून पुरी केली. एरवी कोणी वॉर्डात नुसता चालला तरी सगळ्यांच्या माना वळत. आज एकही वळली नाही.

अमरावतीच्या त्या क्षयाच्या वॉर्डात पहिली खाट सिस्टरच्या टेबलाला लागून होती. ज्याच्यावर आता घटकाघटकेला नजर ठेवायला हवी, त्याला तिथे आणत. तिथून उठून कोणी आपल्या जुन्या खाटेवर परतल्याचे कुणाच्या स्मरणात नव्हते. सकाळपर्यंत तिथे पुंजाराम होता. त्याची चादर बाहेर तारेवर अजून ओलीच होती.

रेडिओही त्याच टेबलावर होता.

दुसऱ्या खाटेवरचे अंजनगावचे खुशालराव कष्टाने कुशीवर वळले. "लय दिवसाची हौस होती ना लेका तुले? घे आता. थेट बाईच्या तोंडून आयक."

"हो काका," धर्मपाल म्हणाला.

"पण आमाले नीट सांगजो. पुंजाराम अर्धं स्वतःच गिळून टाके."

हौस होती, हे खरेच. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता नागपूर केंद्रावरून एक मालिका लागे. रेडिओ अगदी बारीक आवाजात लावायचा, असा वॉर्डाचा नियम होता; तो पहिल्या खाटेपलीकडे पोचत नसे. म्हणून पहिल्याने ऐकायचे, मोजकी वाक्ये निवडून दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. अशी ती गोष्ट खाटेखाटेने थेट दारापर्यंत जाई. नवव्या खाटेवर धर्मपालला ती आठव्या खाटेवरच्या नत्थुजींकडून मिळे. नत्थुजी नांदगाव खंडेश्वरचे शेतकरी. कानांनी अधू, त्यामुळे बोलणे मोठ्याने.

मालिकेत एक मोठे घर होते. त्या घरातली माणसे लोणच्याच्या बरणीवरून भांडत, किल्ल्या हरवत, रुसत, आणि साठ सालची दिवाळी सरते न सरते तोच पुढल्या वर्षीच्या लग्नाची बोलणी काढत. पुढल्या वर्षीची! ती किती सहज बोलत, याचेच धर्मपालला नवल वाटे. त्या घरच्या थोरल्या सुनेचे नाव सत्यवती. ती संध्याकाळी शाळेत शिकवून घरी येई आणि उंबऱ्यातूनच काहीतरी विचारी. पाच महिने तो एका गुरुवारावरून दुसऱ्या गुरुवारावर पाय ठेवत आला होता, तो तिच्या त्या विचारण्यासाठी. तिचा आवाज एकदा, एकदाच, स्वतःच्या कानांनी ऐकावा, याखेरीज त्याने मनाशी काही मागितले नव्हते.

सात वाजता सिस्टरने रेडिओची कळ फिरवली. "ऐकायचं, पण बोलायचं नाही हं धर्मपाल. तुम्हाला दम जपायला हवा."

खरखर झाली. सतारीचे चार सूर वाजले. दार करकरले, आणि सत्यवती बोलली.

आवाज स्वच्छ होता. गोड, शिकलेला, प्रत्येक अक्षर धुऊन घडी घातल्यासारखे. त्यात श्वास कुठेही अडत नव्हता. धर्मपालने डोळे मिटून पाहिले, मग उघडून पाहिले. बाई चांगली होती. पण ती दुसरीच कोणी होती. या आवाजाने त्याला कधी काही विचारले नव्हते.

"काय म्हणे?" खुशालराव कोपरावर रेलून वाट पाहत होते.

धर्मपाल टेबलावरच्या रेडिओकडेच पाहत राहिला.

"अबे, बोल ना! काहून मुका झाला? तिकडे समदे थांबले."

धर्मपालने छाती दाबून धरली आणि दोन दमांत वाक्य पुरे केले. "म्हणाली... दिवा लावलात का? मला... दार दिसत नाही."

खुशालरावांनी ते तिसऱ्याला दिले. टेबलावर ती बाई पुढे बोलतच होती, त्याच्या कानापासून हातभर अंतरावर. धर्मपालने तिच्याकडे पाठ केली आणि तोंड वॉर्डाकडे वळवले. वाक्य चौथ्या खाटेवर गेले. पाचव्यावर कोणाला तरी उबळ आली, तसे ते थांबले. उबळ ओसरल्यावर पुन्हा निघाले.

"पुढं काय झालं? सांग लवकर," खुशालराव म्हणाले.

त्याने हात वर करून त्यांना थोपवले. सहावी खाट. सातवी. तिथे ते इतके पुटपुटत बोलले गेले, की हरवलेच असे त्याला वाटले.

मग आठव्या खाटेवरून ती ऐकू आली. घोगरी, दमलेली, तीच. नत्थुजी पाच महिन्यांच्या सवयीने डाव्या कुशीवर वळले होते, आणि नवव्या खाटेच्या उघड्या लोखंडी पट्ट्यांना मोठ्याने विचारत होते, "दिवा लावला काय? मले दार दिसून नाही राहिलं."