नळी ओळंब्यात नाही

"ताई, तुमची नळी वाकडी उभी आहे."

म्हातारा गवंडी एक डोळा मिटून बघत होता. टेबलावर स्टँड, स्टँडमध्ये काचेची बारीक नळी, नळीत त्याचं रक्त. लाल खाली बसत चाललं होतं, वर पिवळं पाणी उरत होतं. जितकं भरभर बसेल तितकी सांध्यांत सूज जास्त, हे त्याला दोन वर्षांत पाठ झालं होतं. तासाभरात चाळीसच्या आत राहिलं, तर थापी हातात घ्यायला डॉक्टर हो म्हणणार होते. आणि इथे अर्ध्या तासातच तीस होत आले होते.

"अठरा वर्षं नळ्या लावतेय मी, मामा," लॅबवाली म्हणाली. "आकडा आवडला नाही की सगळ्यांना माझंच काहीतरी वाकडं दिसतं."

"वाकडी नळी लवकर बसते का, तेवढं सांगा."

तिने नळीकडे पाहिलं. "बसते."

"अगं, दोरा काढ."

बायकोने पिशवीतून दोरा काढला, घराची किल्ली बांधली. गाठ तिनेच मारली, त्याच्या बोटांना ते केव्हाच जमेनासं झालं होतं. त्याने दोरा नळीपाशी धरला. वर चिकटला, खाली बोटभर फट.

"स्टँड बरोबर आहे. टेबल कललंय."

"कसं कलेल? गेल्याच आठवड्यात या कोपऱ्यात सरकवलं."

"मग जमीनच उताराची. कुणा गाढवाने केलीय?"

बायको खो खो हसत सुटली. "त्या गाढवाबरोबर मी पस्तीस वर्षं काढलीत! अहो, इथे धुण्याची खोली होती. मालक म्हणाला होता, पाण्याचा थेंब थांबता कामा नये."

गवंड्याने खाली पाहिलं. कोपऱ्यात बुजवलेलं भोक, आणि सगळी फरशी त्याच्याकडे निघालेली. कुठे सांधा हललेला नव्हता.

"एका दिवसात उरकली होती," तो हळूच म्हणाला.

"हो. आणि घरी जाऊन माझ्या टाचेतलं काचेचं कुसळ काढलंत. मला डोळ्यांना दिसत नव्हतं, तुमच्या बोटांना लागलं."

तो बोटांकडे बघत राहिला. मग त्याने हात मांडीखाली सरकवले.

लॅबवालीने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. "अजून," गवंडी म्हणाला. "अजून सूतभर. बस." बाटलीतलं उरलेलं रक्त हलवून तिने दुसरी नळी भरली. नवराबायको बाकावर बसली. कुठली भिंत कुणाची, कुठल्या जिन्याला पायऱ्या किती, कुठल्या मालकाने चहासुद्धा विचारला नाही, असा तास गेला.

पहिली नळी तिचा तास भरला तेव्हा अठ्ठावन्नवर गेली होती. लॅबवालीने दुसरीपाशी डोळे नेले.

"चव्वेचाळीस. चौदा कमी झाले की, मामा!"

"चार जास्त आहेत."

"डॉक्टर काय, चारांसाठी अडून बसतील? मी सांगून बघते."

गवंड्याने मूठ वळायला घेतली. अर्ध्यावर थांबली.

"नका सांगू," तो म्हणाला. "भिंत एवढी बाहेर असती, तर मी पाडायला लावली असती."

लॅबवाली टेबलाशी वाकली. उगाच पुठ्ठा दाबत बसली. "हा किती दिवस टिकायचा? पायाखाली थोडं सिमेंट थापून घ्यायला हवं. कुणाला सांगू?"

बायको उठली.

"थापी घरीच आहे. उद्या घेऊन येते."

"आणि थापणार कोण?"

"मी. पस्तीस वर्षं तुमच्यामागे घमेलं घेऊन उभी होते, ती काय डोळे मिटून?"

गवंड्याने वळून तिच्याकडे पाहिलं. लॅबवालीला वाटलं, आता ओरडतो.

"तू डावरी आहेस," तो म्हणाला. "भिंत उजव्या हाताला ठेवून बस. कोपर मोकळं राहील."