चहाच्या आधी

टक्. मग पुन्हा टक्.

दुपारच्या सामसुमीत पर्सची कळ मिटली आणि पाळण्याची दोरी ओढणारा लताबाईचा हात थांबला. घरात पर्स एकच होती. काळी, कळ सैल झालेली, दोनदा दाबल्याशिवाय न मिटणारी. नगरपालिकेच्या सभेला निघताना ती स्वतः अशीच दोनदा दाबायची.

पर्स काखेत धरून थोरल्या जाऊबाई, सुनंदाबाई, माजघरातून आल्या. निऱ्या काही केल्या बसत नव्हत्या.

"लता, तेवढ्या बघ वं. मला तर जमतच नाहीत."

लता खाली बसली. नव्या साडीच्या निऱ्या तिने एकेक करून चापून बसवल्या. खळीचा वास नाकात गेला. सभेसाठी म्हणून नवी साडी तिला कुणी घेतली नव्हती.

मेंबरकी आधी तिचीच होती. बायकांसाठी राखलेली जागा, आणि घरात मॅट्रिक झालेली ती एकटी. मग दुसऱ्या बाळंतपणाला ती रावेरला माहेरी गेली, पोर अशक्त निघालं, आणि सहा महिने अमळनेरला येणंच झालं नाही. रजेचा अर्ज द्यायला हवा होता. पण तो भर सभेत वाचला जाणार, त्यात बाळंतपण कसं लिहायचं, म्हणून तिचा नवरा लाजला. गैरहजेरीपायी जागा रिकामी झाली. पुन्हा उभी राहते म्हणाली, तर पदरात तान्हं आहे म्हणून सगळ्यांनी गप्प बसवलं. जागा घरातच राहिली पाहिजे, म्हणून थोरल्या दिरांनी, शालिग्रामभाऊंनी, आपल्या बायकोला उभं केलं. समोर कुणी आलंच नाही. सही येते, वय भरतं, मतदारयादीत नाव आहे, कायद्याला आणखी काय लागतं, असं ते ओट्यावर चार माणसांत हसून म्हणाले होते. त्या चौघांचा चहा लतानेच आतून पाठवला होता.

उरलेल्या मुदतीपुरतीच का होईना, आज सुनंदाअक्कांची पहिली सभा होती.

"मेंबरबाई," दारातून हाक आली.

"ओ," म्हणत लता उठली.

मागच्या गल्लीतली इंदिराबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. ती जराशी ओशाळली. तिची नजर लताच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"तेवढं नळनं ध्यानमा ठेवा, अक्का," ती सुनंदाबाईंना म्हणाली आणि निघून गेली.

गल्लीतला नळ. दोन सभा भांडून लताने तो विषय मंजुरीपर्यंत आणला होता. आता तो अक्कांच्या नावाने लागणार. बाया पहिल्या धारेला हळदकुंकू वाहतील, अक्कांच्या कपाळी लावतील, आणि ती गर्दीत मागे पोर सावरत उभी असेल.

लता परत खाली बसली. शेवटची निरी अजून राहिलीच होती.

"नळाचं मी कधी बोलू गं?" अक्कांनी विचारलं. "ह्यांना विचारलं तर म्हणतात, बस गप्प, शेजारचा हात वर करेल तेव्हा कर. तूच सांग. तुला सगळं ठाऊक आहे."

पाळण्यात तान्हं कुरकुरलं. लताने निरी खोचली, वरून हात फिरवला.

"चहा होऊ द्या," ती म्हणाली. "चहा झाल्यावर उठा. तेव्हा सगळे निवांत असतात."

"चहा झाल्यावर," अक्कांनी पाठ करावं तसं म्हटलं. मग ओणवून त्यांनी लताच्या गालावरून बोटं ओवाळली आणि स्वतःच्या कानशिलावर मोडली. "तू आहेस म्हणून, बाई. नाहीतर मी कसली मेंबर."

बाहेर टांगा उभाच होता; अक्का त्यात बसून निघाल्या. घोड्याच्या टापा गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आल्या. लता उंबऱ्यातून हलली नाही. एकदा तिने हात वर केला, हाक मारायला की काय कोण जाणे, आणि त्याच हाताने पदर सारखा केला.

तिची थोरली लेक पमी मागे येऊन उभी राहिली. बाळ नव्हतं तेव्हा आई तिला सभेला न्यायची. शेवटच्या खुर्चीवर पाय हलवत ती बिस्किटाची वाट बघायची.

"आई, तू तर चहाच्या आधीच बोलायचीस."

लता पाळण्याकडे वळली.

"चहा प्यायला की सगळे उठून घरी जायचे ना? मी बिस्किट खायची तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या असायच्या." पमीने आईचा पदर ओढला. "मग मोठी आई बोलेल कुणाशी?"